फॉरेनला निघालात? मग रेट बघायला आधी शिका

गुगलवर डॉलर ९० रुपये दिसतो, बँकेत विचारलं तर वेगळाच आकडा सांगतात, मुंबईच्या फोर्टातला फॉरेक्सवाला (करन्सी बदलून देणारा) तिसराच सांगतो आणि एअरपोर्टचं तर विचारूच नका. पहिल्यांदा बाहेर निघालेला माणूस इथेच अडकतो, की बाबा यातला खरा रेट कुठला? तर चारही खरेच आहेत, फक्त प्रत्येकात कुणाकुणाचा खर्च आणि कुणाकुणाचा नफा धरलाय ते वेगळं आहे. ते एकदा कळलं की पुढचं सगळं चौथीतलं गणित आहे, घाबरायचं काही कारण नाही.

खाली जे रेट दिलेत ते सगळे "समजा" म्हणून घेतलेत. डॉलर ९० धरलाय कारण हिशोबाला बरा पडतो. तुम्ही वाचाल तेव्हा जो काय असेल तो टाका, पद्धत तीच राहते.

पहिलं काम: गुगलचा आकडा कसला आहे ते समजून घ्या

मोठ्या बँका आपापसात दिवसभर लाखो डॉलर घेत-विकत असतात. त्यात घेणाऱ्याचा एक भाव असतो आणि विकणाऱ्याचा एक, त्या दोन्हीच्या मधला जो आकडा तो गुगलवर दिसतो. या भावात तुम्हाला-मला कुणीच डॉलर देत नाही. नोटा विमानाने आणायला लागतात, त्याचा विमा काढायला लागतो, दुकानाचं भाडं, पोरांचे पगार, पडून राहिलेल्या नोटांमध्ये अडकलेला पैसा, हे सगळं धरून काउंटरवाला वर काहीतरी लावणारच, आणि त्यात गैर काही नाही. गुगलचा आकडा आपण फक्त मोजपट्टी म्हणून वापरायचा, म्हणजे समोरचा रेट त्याच्यापासून किती लांब आहे ते बघायचं. शनिवार-रविवारी बँकांचा बाजार बंद असतो त्यामुळे तेव्हा दिसणारा आकडा हा शुक्रवारचाच असतो, आणि सोमवारी मार्केट वर उघडलं तर उगाच नुकसान नको म्हणून काही जण वीकेंडला थोडं जास्तच लावतात. जमलं तर कामाच्या दिवशी, दुपारच्या आत चौकशी करा.

आता बोर्ड वाचायला शिका. बोर्डवर दोन कॉलम असतात, बाय आणि सेल, आणि नवीन माणूस इथे हमखास उलटं वाचतो, कारण आपण "बाय" करायला गेलेलो असतो. ते कॉलम दुकानदाराच्या बाजूने लिहिलेले असतात. तो विकतो तो सेल, म्हणजे आपल्याला लागू होतो तो जास्तीचा आकडा. परत आल्यावर उरलेले डॉलर आपण त्याला देणार तेव्हा बाय, म्हणजे कमी आकडा. समजा बाय ८८.५० आणि सेल ९०.८० आहे, तर आज शंभर डॉलर घेऊन उद्या सकाळी तसेच परत दिले तरी तुमचे २३० रुपये गेले, मार्केट जागचं हललं नसलं तरी. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, उरले तर परत देऊ म्हणून भरमसाट घेऊन जाऊ नका, जाताना एकदा कापतात आणि येताना परत कापतात.

अजून एक बारीक गोष्ट म्हणजे बातम्यांत "रुपया घसरला" म्हणतात तेव्हा आकडा वाढलेला असतो, ९० चा ९१ झाला म्हणजे डॉलर महाग झाला. आणि जपानी येनचा भाव आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी शंभर येनला लिहितात, एका येनला नाही, त्यामुळे बोर्डवर येनसमोर पन्नास-साठचा आकडा दिसला तर दचकू नका.

दुसरं: रेट विचारू नका, टोटल विचारा

सगळ्यात कामाची गोष्ट हीच. फोर्टात जा, दादरला जा, अंधेरीला जा, नाहीतर बोरिवली-ठाण्यात घराजवळ कोणी असेल त्याच्याकडे जा, "आज डॉलर काय चाललाय" असं विचारलंत तर तो तुम्हाला गोड आकडा सांगणार आणि बाकीचं बिलात टाकणार. त्यापेक्षा सरळ विचारायचं, "भाई, हजार डॉलर चाहिए, टोटल कितना देना है, टॅक्स-वॅक्स सब मिलाके?" एवढं विचारलं की समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक तयारीचं आहे.

का ते बघा. एकाचा रेट आहे ९०.८० आणि वर काहीच चार्ज नाही. दुसऱ्याचा ९०.५० आहे पण २०० रुपये सर्व्हिस चार्ज, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २३६. हजार डॉलर घ्यायचे असतील तर पहिल्याकडे ९०,८०० आणि दुसऱ्याकडे ९०,७३६, दुसरा ६४ रुपयांनी स्वस्त. पण तुम्हाला फक्त दोनशे डॉलर हवेत? मग पहिल्याकडे १८,१६० आणि दुसऱ्याकडे १८,३३६, आता पहिला चक्क १७६ रुपयांनी स्वस्त झाला. म्हणजे कोण स्वस्त हे तुम्हाला किती घ्यायचंय त्यावर ठरतं, आणि शेजारच्या काकांनी त्यांच्या तीन हजार डॉलरसाठी सांगितलेलं दुकान तुमच्या दोनशे डॉलरला बरोबर असेलच असं नाही.

याशिवाय करन्सी बदलण्यावर सरकारचा जीएसटी आहे, तो सगळीकडे सारखाच. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का हा सेवेचा भाव धरतात, कमीत कमी २५० रुपये, आणि त्या भावावर १८ टक्के. म्हणजे एक लाखाची करन्सी घेतली तर १८० रुपये आणि छोट्या खरेदीला कमीत कमी ४५ रुपये. लाखाच्या वर दर कमी होत जातो. लोकं "जीएसटी १८ टक्के" ऐकून घाबरतात पण तो अख्ख्या रकमेवर नसतो. कोणी बिलात यापेक्षा भलताच आकडा लावला असेल तर तिथेच विचारा कशाचा आहे.

आता टोटल आली की टक्के काढा. ९०.८० उणे ९०, भागिले ९०, म्हणजे साधारण ०.९ टक्के. डॉलर, युरो, पाउंड, दिरहम या रोजच्या करन्सीच्या नोटांसाठी मुंबईत थोडी घासाघीस केली तर एक-दीड टक्क्याच्या आसपास मिळायला हरकत नाही. तोच डॉलर एखाद्या एअरपोर्ट काउंटरवर ९४.५० ला मिळाला तर ते झाले ५ टक्के, हजार डॉलरमागे ४,५०० रुपये जास्त गेले. मुंबई एअरपोर्टच्या टी-टू टर्मिनलच्या झगमगाटात रात्री दोनच्या फ्लाइटच्या आधी माणूस आकडेमोड करत नाही, हे त्यांना चांगलं माहीत असतं. हां, ऑनलाइन आधी बुक करून एअरपोर्टवर फक्त डिलिव्हरी घेणं ही वेगळी गोष्ट, तिथे रेट बरा असू शकतो, तो सुद्धा याच पद्धतीने तपासा.

मग पंधरा दिवस आधी घ्यायचे की थांबायचं? हा प्रश्न प्रत्येक घरात होतो आणि घरात एक तरी मामा असतो ज्याला वाटतं डॉलर पुढच्या आठवड्यात पडणार. तेलाची आयात, परदेशी गुंतवणूकदारांची शेअर बाजारातली विक्री, रिझर्व्ह बँकेने मधे पडून विकलेले डॉलर अशा बऱ्याच गोष्टींवर रुपया हलतो, आणि तो कुठे जाईल हे मामाला सुद्धा माहीत नसतं. साध्या दिवशी रुपया काही पैशांनी इकडेतिकडे होतो, पण दोन दुकानांतला फरक रुपयांत असू शकतो. टुरिस्ट माणसाने मार्केटचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा तीन फोन जास्त करावेत. आणि फारच चिंता वाटत असेल तर निम्मे आत्ता निम्मे नंतर घ्या, झालं.

तिसरं: कुठली करन्सी घ्यायची

दुबईला जाताय तर सोपं आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. म्हणजे डॉलरच्या भावाला ३.६७ ने भागलं की दिरहमचा भाव निघाला, ९० ला साधारण २४.५०. कोणी दिरहम २६ ला देत असेल तर तुम्हाला लगेच कळेल की सहा टक्के लावतोय. मुंबईत दिरहम सहज मिळतो, डॉलर घेऊन तिकडे बदलायची काही गरज नाही. नेपाळचा रुपया आपल्या रुपयाला बांधलेला आहे, १९९३ पासून आपल्या १ ला त्यांचे १.६०, आणि भूतानचा न्गुल्ट्रम बरोबर एकास एक. हाँगकाँगचा डॉलर ७.७५ ते ७.८५ च्या पट्ट्यात अमेरिकन डॉलरशी बांधलेला.

युरोपला जाणाऱ्यांनी नकाशा नीट बघा. "युरोप टूर" म्हटलं की सगळीकडे युरो असं धरून चालतात, पण स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक आहे, चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट, आणि लंडनला अर्थातच पाउंड. स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच दुकानांत युरो घेतात पण सुट्टे फ्रँकमध्ये देतात आणि भाव त्यांचा असतो. दोन दिवसांसाठी फ्रँकच्या नोटा जमवण्यापेक्षा तिथे कार्ड चालवा.

थायलंड, व्हिएतनाम, बाली, इथे खरी मजा आहे. मुंबईत थायलंडचा बाट मिळतो पण त्याला डॉलरएवढा उठाव नाही, त्यामुळे दुकानदार जास्त लावतो. समजा बाटचा गुगलचा रेट २.८० आहे आणि मुंबईत २.९० ला मिळतोय, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं. तीस हजार रुपयांत आले १०,३४५ बाट. दुसरा रस्ता असा की इथे ९०.८० ने डॉलर घ्यायचे आणि बँकॉकमध्ये बदलायचे, तिथे चांगल्या दुकानात डॉलरला ३२ बाट मिळाले तर एक बाट पडला २.८४ ला, आणि त्याच तीस हजारांत साधारण १०,५७० बाट हातात. सव्वादोनशे बाटचा फायदा, दोन माणसांचं साधं जेवण निघालं. दोनदा बदललं म्हणजे दोनदा तोटा असं लोकं पक्कं धरून बसतात, पण तसं नसतं, दोन छोटे तोटे मिळून एका मोठ्या तोट्यापेक्षा कमी होऊ शकतात. गणित करूनच ठरवा. कधी कधी मुंबईतला बाटच स्वस्त पडेल, मग तोच घ्या.

हा दुसरा रस्ता धरलात तर डॉलर शंभरच्या नोटांमध्ये घ्या, कारण थायलंडमध्ये शंभरच्या नोटेला जास्त भाव आणि पाच-दहाच्या नोटांना कमी भाव असा उघड बोर्डच असतो. नोटा कोऱ्या हव्यात. घडी पडलेली, पेनाने काही लिहिलेलं, शिक्का मारलेला, असली नोट फोर्टातच परत द्या, "चालेल ना" असं त्याला विचारू नका, त्याला चालते, तिकडच्याला चालत नाही. आणि बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरलात तर सामान घेतल्या घेतल्या जे काउंटर दिसतात तिथे नका बदलू, खाली तळमजल्याच्याही खाली, जिथून शहरात जायची ट्रेन मिळते, तिथल्या काउंटरांवर बराच चांगला रेट असतो.

व्हिएतनामच्या डाँगच्या आणि इंडोनेशियन रुपियाच्या शून्यांनी डोकं गरगरतं. डॉलरला साधारण २६ हजार डाँग, म्हणजे एक लाख डाँगचे झाले आपले साडेतीनशेच्या आसपास. लाखाची नोट देऊन फो (तिथलं नूडल्सचं सूप) खाल्लं की पहिल्या दिवशी माणूस हबकतो. मोबाइलवर एक ओळ लिहून ठेवा, "एक लाख म्हणजे साडेतीनशे", आणि बाकी सगळं त्यावरून मोजा, दरवेळी कॅल्क्युलेटर काढत बसायला नको. बालीत रस्त्यावरच्या छोट्या दुकानांत बाजारापेक्षा भारी रेटचा बोर्ड दिसला तर तिकडे फिरकू नका, नोटा मोजताना हातचलाखी करण्यासाठी ती दुकानं बदनाम आहेत. नियम सोपा आहे, त्याने मोजल्यावर शेवटी आपण मोजायचं आणि मग ते पैसे परत त्याच्या हातात द्यायचे नाहीत.

सिंगापूरला मात्र उलटं आहे. लिटल इंडियात मुस्तफा नावाच्या मोठ्या दुकानाच्या आसपास आपला भारतीय रुपया सुद्धा बऱ्या भावात बदलून मिळतो. जाताना प्रत्येकी २५ हजार रुपयांपर्यंत भारतीय नोटा बाहेर नेता येतात, परतल्यावर टॅक्सीला पण त्याच उपयोगी पडतात.

चौथं: कागदपत्रं आणि लिमिट, हे पटकन

पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि लागत असेल तर व्हिसा, एवढं घेऊन जा. दुकान रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असलेलंच असावं, त्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या साइटवर मिळते. बिल घ्याच. "बिल नको असेल तर वीस पैसे कमी करतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

पैसे रोख देणार असाल तर ५० हजारांच्या आतच, त्यावर गेलं की कार्ड, चेक किंवा बँक ट्रान्सफर. प्रवासाच्या फार आधी नाही घेता येत, ६० दिवसांची मुदत आहे. नोटा म्हणून एका ट्रिपला बहुतेक देशांसाठी ३,००० डॉलरच्या किमतीएवढ्याच नेता येतात, बाकी कार्डवर. वर्षाची एकूण मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, तिच्याशी आपलं टुरिस्टचं देणंघेणं नाही.

टीसीएसबद्दल (विकणारा आपल्याकडून आधीच कापून सरकारला भरतो तो टॅक्स) व्हॉट्सअ‍ॅपवर काहीच्या काही फिरतं. करन्सी, फॉरेक्स कार्ड, बँकेतून पाठवलेले पैसे असं सगळं मिळून आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांच्या वर गेलं तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापतात, ही १० लाखांची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची, आधी ७ लाख होती. आणि कापलेला टीसीएस जात नाही, इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये धरता येतो. परदेशात तिथल्या तिथे चालवलेलं क्रेडिट कार्ड या मोजणीत येत नाही. टूर पॅकेजवरच्या टीसीएसचे नियम मात्र वेगळे, आणि बजेटमध्ये ते बदलत असतात, त्यामुळे ते टूरवाल्यालाच बुकिंगच्या दिवशी विचारा.

टूरवाल्याचा विषय निघालाच आहे तर, ग्रुप टूरने जाणाऱ्यांनो, तुमचं पॅकेज बऱ्याचदा "एक लाख वीस हजार रुपये अधिक १,५०० युरो" असं असतं. तो युरोचा भाग तुम्ही पैसे भरता त्या दिवशीच्या रेटने रुपयांत मोजतात, आणि तो रेट टूर कंपनी ठरवते. बुकिंग करतानाच विचारा की कुठला रेट धरणार, गुगलपेक्षा किती वर, आणि ते युरो मी बाहेरून घेऊन दिले तर चालतील का. १,५०० युरोला दोन रुपयांचा फरक पडला तरी माणशी तीन हजार झाले, चार जणांच्या कुटुंबाचे बारा. केसरी भात आणि पुरणपोळी मिळणार का हे सगळे विचारतात, हे कोणीच विचारत नाही.

पाचवं: कार्ड

इथे जरा थांबा कारण सगळ्यात जास्त पैसे इथे गळतात आणि कळत पण नाही.

साध्या क्रेडिट किंवा डेबिट कार्डवर परदेशात स्वाइप केलं की व्हिसा-मास्टरकार्ड आपल्या रेटने रुपये करतात, तो रेट गुगलच्या जवळपासच असतो. त्यावर आपली बँक मार्कअप, म्हणजे स्वतःचा जास्तीचा चार्ज लावते, बऱ्याच कार्डांवर ३.५ टक्के, आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. दहा हजारांच्या खरेदीला ४१३ रुपये. काही कार्डांवर मार्कअप २ टक्के असतो, काहींवर शून्य. दोन-तीन वर्षांत एकदा जाणार असाल तरी शून्य मार्कअपचं एखादं कार्ड आधीच काढून ठेवणं परवडतं, फक्त वार्षिक फी किती ते बघा. स्टेटमेंटमध्ये रेट कधी कधी खरेदीच्या दिवसाचा नसतो, दोन दिवसांनी व्यवहार पक्का होतो तेव्हाचा असतो, त्यामुळे थोडा फरक दिसला तर लगेच बँकेशी भांडू नका.

फॉरेक्स कार्ड म्हणजे इथे रुपये देऊन डॉलर-युरो भरून ठेवलेलं कार्ड. रेट भरण्याच्या दिवशीच पक्का होतो, त्यामुळे बजेट कळतं, आणि आईवडिलांना पाठवताना हे बरं. पण भरतानाचा रेट गुगलपेक्षा किती वर आहे ते बघा, "झिरो मार्कअप" लिहिलेलं असतं आणि दीड-दोन टक्के भरतानाच घेतलेले असतात. दुसरं म्हणजे कार्डात डॉलर भरलेत आणि स्वाइप केलं व्हिएतनाममध्ये, तर डॉलरचे डाँग करताना परत ३-३.५ टक्के लावणारी कार्डं आहेत. कार्डात ती करन्सी नसेल तर क्रॉस करन्सी चार्ज किती, हा प्रश्न लेखी विचारून घ्या. हॉटेलचं डिपॉझिट आणि भाड्याच्या गाडीसाठी फॉरेक्स कार्ड देऊ नका, तिथे पैसे ब्लॉक होतात आणि सुटायला बरेच दिवस लागतात, तुमचे खर्चाचेच पैसे अडकतात. त्यासाठी क्रेडिट कार्ड.

आता मशीनवरची ती स्क्रीन. सिंगापूरच्या दुकानात शंभर सिंगापूर डॉलरचं काहीतरी घेतलं, कार्ड दिलं, मशीन विचारतं, एसजीडीमध्ये (सिंगापूर डॉलर) भरणार की आयएनआरमध्ये (आपले रुपये)? रुपये बघून आपल्याला घरचं वाटतं, बोट तिकडेच जातं. नका दाबू. रुपयांत करून देणारा तो दुकानदार आणि त्याची कंपनी आपला रेट लावतात, सहा-सात टक्के सहज. समजा गुगलचा रेट ७० आहे, मशीन दाखवतं ७,४२०. तेच एसजीडी दाबलं असतं तर साध्या कार्डावर ७,००० अधिक ४.१३ टक्के म्हणजे ७,२८९, आणि शून्य मार्कअपवाल्यावर सातच हजार. वर अजून गंमत म्हणजे रुपयांत भरलं तरी काही भारतीय बँका दुकान परदेशी आहे म्हणून थोडा चार्ज लावतातच. त्यामुळे नेहमी तिथली लोकल करन्सी निवडा. काही ठिकाणी कॅशियर विचारतच नाही, स्वतःच रुपये दाबून पावती पुढे करतो. पावतीवर आयएनआर दिसलं तर सही करायच्या आधी तो व्यवहार रद्द करून परत करायला सांगा, लाजू नका, मागे लाइन असली तरी.

एटीएममध्ये सुद्धा तेच, फक्त भाषा अजून फसवी असते. "कन्व्हर्जनसकट पुढे जा" आणि "कन्व्हर्जन नको" असे दोन पर्याय येतात आणि दुसरा दाबला तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटतं. मिळतात. दुसराच दाबायचा. एटीएमचा स्वतःचा चार्ज वेगळा, थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दरवेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त घेतात, मग तुम्ही हजार काढा नाहीतर वीस हजार. आपल्या बँकेचा चार्ज त्यावर. म्हणून पुन्हा पुन्हा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा. क्रेडिट कार्डाने एटीएममधून काढू नका, त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं.

आणि हो, निघायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचा इंटरनॅशनल वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२० पासून नव्या कार्डांवर तो बंदच येतो. ओटीपीसाठी सिमचं रोमिंग पण बघून घ्या, नाहीतर कार्ड चालू, ओटीपी मुंबईत.

यूपीआयची फुशारकी आपण खूप मारतो, पण परदेशात ते अजून ठराविक ठिकाणीच आहे. भूतान, नेपाळ, सिंगापूर, यूएई, श्रीलंका, मॉरिशस इथे दुकानांत चालतं, पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटाला फेब्रुवारी २०२४ पासून. अ‍ॅपमध्ये यूपीआय इंटरनॅशनल आधी चालू करावं लागतं आणि पैसे देताना रेट स्क्रीनवर येतो, त्याला पण तीच मोजपट्टी लावा.

किती कॅश, किती कार्ड?

माझं मत विचाराल तर सिंगापूर, दुबई, लंडन इथे बहुतेक सगळं कार्डावर, कॅश फक्त टिप, छोटी दुकानं आणि अडीअडचणीला, शंभर-दोनशे डॉलरच्या किमतीची खूप झाली. व्हिएतनाम, बाली, थायलंडच्या बेटांवर निम्मी कॅश ठेवा, तिथे टपरीवर कार्ड नाही चालत आणि चाललं तर वर तीन टक्के मागतात. दोन वेगळी कार्डं दोन वेगळ्या बॅगांत, हे मात्र कुठेही जा.

तिकडे गेल्यावर बदलायची वेळ आली तर "नो कमिशन" च्या पाटीला काही अर्थ नाही, कमिशन रेटमध्येच घातलेलं असतं. पुन्हा तोच प्रश्न, शंभर दिले तर हातात किती? चेकची राजधानी प्राग त्यासाठी बदनाम होतं, इतकं की चेक सरकारने २०१९ मध्ये कायदा बदलला आणि आता तिथे एक हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती मात्र सांभाळून ठेवावी लागते.

परत येताना

शेवटच्या दोन दिवसांत नवीन पैसे काढणं बंद करा आणि आहेत ते संपवत आणा. हॉटेलचं बिल उरलेल्या कॅशने भरून बाकीचं कार्डावर टाकता येतं, बहुतेक ठिकाणी करून देतात. डाँग, रुपिया, बाट तिथेच मोडा, मुंबईत कोण घेईलच याचा भरवसा नाही आणि घेतलं तर भाव पडेल. नाणी तर सहसा कोणी बदलून देत नाही, ती विमानतळावर पाण्याच्या बाटलीत घालवा.

डॉलर-युरो उरले तर २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत घरी ठेवायला परवानगी आहे, पुढच्या ट्रिपला होतील. त्याच्या वर असतील ते आल्यापासून १८० दिवसांच्या आत बँकेत किंवा लायसन्सवाल्या दुकानात परत करायचे, तेव्हा आधीचं बिल आणि पासपोर्ट बरोबर न्या. तिथे बाय कॉलम लागू होणार हे आता तुम्हाला माहीतच आहे, तरी "थोडा रेट बढ़ाके दो" म्हणून बघा, दोनशे-चारशे डॉलर असतील तर पंचवीस-पन्नास पैसे वाढवतात.